पेन्सिलीनं लिहिलेलं नाव

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली एक झुडूप होतं. त्याचं नाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. घरात म्हणजे आम्ही दोघंच. माझी पत्नी संगमनेरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल होतो. आयुष्यभर आम्ही दोघांनी एकच काम केलं असं ती म्हणायची: मी पुस्तकं जागेवर लावली, तिनं झाडं.

निवृत्तीच्या वर्षी ती मुलांची शेवटची सहल घेऊन घाटाखाली गेली होती. परत आली तेव्हा जेवणाच्या डब्यात ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"डब्यात काय आणलंस? मासे?"

"मासेच समजा. पाण्याबाहेर फार वेळ ठेवू नका."

वीतभर लांबीची फांदी होती ती. पेरांपाशी बोटाच्या सांध्यासारखी फुगलेली. टोकाला एकच पान, हृदयाच्या आकाराचं, वासराच्या कानाइतकं मऊ. एका शाळेच्या कुंपणाबाहेर ओढ्याकाठी हे झुडूप वाढलेलं तिला दिसलं होतं. मिरीच्या कुळातलं आहे, एवढं तिनं पेरं पाहूनच सांगितलं. आपलं खायचं पान, मिरी, पिंपळी, सगळी त्याच कुळातली. पण ती सगळी वेलीवर येतात. हे स्वतःच्या पायावर उभं राहणारं झुडूप होतं.

"मग नाव काय याचं?"

"फूल आलं की सांगते."

हा तिचा नियमच होता. पान फसवतं, जागा बदलली की रूप बदलतं. फूल पाहिल्याशिवाय ती शाईनं नाव लिहीत नसे. मला त्या नियमाची गंमत वाटायची. मी चिडवलं की म्हणायची, "तुमचं बरं आहे. पुस्तक आत शिरतानाच आपलं नाव सांगतं, वर लेखकाचंही सांगतं. माझ्या झाडांना एवढी रीतभात नाही."

त्या काळातली एक गोष्ट इथंच लिहून टाकतो, कारण पुढं तिच्यावर बरंच अवलंबून आहे. करोनाच्या साथीत आम्हां दोघांना ताप आला होता. मी बरा झालो. तीही झाली, पण तिला वास येईनासा झाला तो कायमचाच. फोडणी करपली तर मी हाक मारून सांगायचो. झाडांचं पान चुरगळून नाकाशी नेण्याची तिची चाळीस वर्षांची सवय मात्र गेली नव्हती. न्यायची, क्षणभर थांबायची आणि हात खाली घ्यायची.

या झुडपाचं दुसरं की तिसरं पान आलं तेव्हा तिनं ते चुरगळून माझ्या नाकाशी धरलं. मी पेपर वाचत होतो.

"कसला वास येतोय?"

"औषधासारखा."

"कुठल्या औषधासारखा?"

"अगं, औषधाच्या दुकानासारखा. वाचू दे ना."

ती आत गेली. माझ्या मनातून ती गोष्ट तेव्हाच पुसली गेली.

घाटाखालच्या झाडाला आमच्याकडची हवा सोसणं अवघड. मार्चपासून वारा असा सुटतो की दोरीवरचे कपडे अर्ध्या तासात कडक होतात. बोअरच्या पाण्यात क्षार. त्या पाण्यानं पानांच्या कडा तपकिरी व्हायच्या. म्हणून ती नळाचं पाणी बादलीत साठवून त्याला घालायची. बुडाशी उसाचं पाचट पसरायची, भर उन्हात ओलं पोतं पांघरायची. तरी दर उन्हाळ्यात ते अर्धंअधिक जळायचं, पावसाळ्यात पुन्हा कमरेएवढं व्हायचं, थंडीत पानं टाकायचं. फुलापर्यंत काही जायचं नाही. त्याला दुसरीकडं हलव, तिथं पश्चिमेचं ऊन येतं, असं मी एकदोनदा सुचवलं. पण भांडी घासताना खिडकीतून ते तिला दिसायचं आणि तेवढ्यासाठी ते तिथं होतं.

कोवळ्या पानाच्या पाठीवर बारीक काचेसारखे थेंब असायचे. मी ते किडीची अंडी समजून ओल्या फडक्यानं पुसायला गेलो तर तिनं माझा हात धरला. भिंगातून दाखवलं. अंडी नव्हती ती. झाडानं स्वतःच्याच अंगातून काढलेले मोती होते. "मुंग्यांचा खाऊ," ती म्हणाली, "बसू द्या त्यांना पंगतीला."

ती गेली त्याला आता दुसरी थंडी येईल. आजार मोठा नव्हता, मग मोठा झाला. दवाखान्यात एका संध्याकाळी तिनं विचारलं, "खिडकीखाली पाणी घातलंत का?" मी "हो" म्हणालो. चार दिवस घातलं नव्हतं. तिथून घरी आलो आणि पायातल्या चपलाही न काढता आधी बादली भरली.

महिन्याभरानं तिचं कपाट उघडलं. वाळवून दाबलेल्या झाडांचे मोठे कागद चळती लावून ठेवलेले होते. प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात खाली चिठ्ठी: नाव, ठिकाण, तारीख, कुणी गोळा केलं. आमच्या झुडपाची एक फांदीही तिथं निघाली, बिनफुलाची. चिठ्ठीवरचं सगळं शाईनं, फक्त नाव पेन्सिलीनं: पायपर अंबेलेटम. त्यापुढं प्रश्नचिन्ह.

मला झाडांतलं कळत नाही, पण ग्रंथ धुंडाळता येतात. तिच्याच पुस्तकांतून शोधलं. हे मिरीच्या कुळातलं, सह्याद्रीच्या ओल्या सावलीत सापडणारं झुडूप. त्याच्या तुऱ्यांचा झुबका एका देठावर छत्रीच्या काड्यांसारखा येतो, म्हणून ते नाव. तिच्या टिपणवहीत त्या पानाची लांबी-रुंदी, पेरांचं वर्णन आणि शेवटी दोन शब्द होते: 'असलं तर!' असं उद्गारचिन्ह मी तिच्या वहीत दुसरीकडं कुठं पाहिलेलं नाही. सगळा जन्म सह्याद्रीची झाडं ओळखण्यात गेलेल्या बाईला ते झाड सह्याद्रीचं हवं होतं.

त्याच नोंदीत वरच्या बाजूला एक ओळ होती. 'वास: औषधी (ह्यांच्या म्हणण्यानुसार).'

ते वाचून मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. तिचा अंदाज बरोबर ठरावा. त्यासाठी झुडूप जगायला हवं होतं आणि एकदा तरी फुलायला हवं होतं.

मोबाईलवर फोटो काढून झाड ओळखायची सोय आहे म्हणून तीही करून पाहिली. पाच फोटोंना पाच नावं आली; एकात नागवेल, एकात गुळवेल. मग वाटलं, पानं जन्मभर हाताळणाऱ्या माणसाला विचारावं. एक पान ओल्या रुमालात गुंडाळून बाजारात गेलो. खायची पानं विकणाऱ्यांच्या ओळीत एक म्हातारे बसतात. मूळचे देवळाली प्रवरेकडचे, घरचा पिढीजात पानमळा. मळा कधीचाच मोडला, ऊस झाला, आणि आता हे दुसऱ्यांची पानं आणून विकतात. त्यांनी पान उलटंपालटं केलं, देठ मोडला, नाकाशी नेला.

"ह्ये पानाच्याच खानदानातलं हाय. पन आपलं पान न्हाई. बडीशोपंचा वास येतोय लई."

"बडीशेपेचा?"

"मंग कसला! तुमी वास घेतलाच न्हाई व्हय?"

"घेतला होता एकदा."

"आन् खाऊन बगितलं का?"

"नाही."

"मंग वळखताय कसं सायेब, खाल्ल्याबिगर!" शेजारचे दोघंतिघं हसले. त्यांनी कोपरा तोडून खरंच तोंडात टाकला. "बाधायचं न्हाई. कुनी लावलंय?"

"घरच्यांनी. त्या वारल्या."

त्यांनी हातातल्या पानांच्या गड्डीवर पाणी शिंपडलं. जरा वेळानं म्हणाले, "येऊन बगतो."

वास मी स्वतःही पुन्हा घेतला. रस्त्यात उभं राहून. बडीशेपच होती, स्वच्छ, लहान मूलही सांगेल अशी. मला तेव्हा ती गोष्ट विशेष वाटली नाही. औषधी म्हटलं काय, बडीशेप म्हटलं काय.

पहिला उन्हाळा मी ते झुडूप जगवलं. ती करायची तसंच पाचट, तसंच पोतं, बादलीतलं पाणी. श्रावणात ते माझ्या खांद्यापर्यंत आलं. वर चार मोठी पानं आणि खाली नुसतं उघडं खोड. त्याच सुमारास म्हातारे आले. फाटकापाशीच त्यांनी चपला काढल्या. मी म्हटलं, राहू द्या, चिखल आहे. तर म्हणाले, "पानमळ्यात पायतान घालून जात न्हाईत." एका झुडपाला त्यांनी मळ्याचा मान दिला म्हणून मला फार बरं वाटलं. कदाचित म्हणूनच पुढचं घडू दिलं.

त्यांनी खोडावरून हात फिरवला. "खालचं लई उघडं पडलं. उतरवाय पायजे."

पानवेलीची दरवर्षी उतरण करतात. वेल आधाराच्या झाडावरून सोडवायची, पानं नसलेलं खालचं खोड जमिनीवर वेटोळं करून मातीत पुरायचं आणि शेंडा पुन्हा वर बांधायचा. पुरलेल्या पेरांना मुळं फुटतात, वेल नव्यानं तरणी होते. मी हे ऐकून होतो. आणि हे वेल नाही, झुडूप आहे, हेही मला ठाऊक होतं. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी मी गप्प राहिलो. इतके महिने मी एकटाच सगळं अंदाजानं करत होतो. कुणीतरी जाणत्या हातानं ते हाती घेतंय, हेच मला पुरे होतं.

त्यांनी बुडाची माती मोकळी केली, खोड दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवलं. पेरापाशी खट् आवाज झाला. मग वरच्या पेरापाशी दुसरा.

त्यांनी खोड सोडलं, ते तसंच आडवं राहिलं.

"येल असती तर वाकली असती," ते म्हणाले. "ह्ये तर झाड हाय."

"झुडूप आहे. ती म्हणाली होती."

"मंग सांगायचं न्हाई का मला!"

"म्हटलं, तुम्हाला जास्त कळत असेल."

"मला पानाचं कळतं, सायेब. झाडाचं तुमच्या मंडळीन्ला कळत हुतं." त्यांनी मोडलेल्या खोडाला हात जोडले. खरंच जोडले. मला त्यांचा राग येत होता आणि स्वतःचा त्याहून जास्त.

मग त्यांनी विळा मागितला. पानमळा मोडल्यावर पंचवीस वर्षं ऊसच केलेला माणूस. मोडक्या खोडाची त्यांनी उसाच्या बेण्यासारखी टिपरी केली, दोनदोन पेरांची. सात झाली. "ऊन कुटं न्हाई येत तुमच्याकडं?" मी घरामागची उत्तरेकडची जागा दाखवली, न्हाणीचं पाणी जिथून जातं ती. तिथं त्यांनी चर काढला, टिपरी आडवी ठेवली, वर बोटभर माती. "कोंबाचा डोळा वर ऱ्हाऊ द्या. उसाला फुटतो तसा फुटंल. न्हाई फुटला तर मला शिव्या द्या, बाजारात येऊन द्या, चार लोकांत."

शिव्या द्यायची वेळ आली नाही. सातांतली चार फुटली. खिडकीखालचं जुनं बूड मात्र कुजलं. भांडी आता मी घासतो आणि समोर मोकळी जमीन दिसते.

उत्तरेच्या भिंतीला ती चार रोपं अशी वाढली जशी तिच्या हातून कधी वाढली नव्हती. हे लिहिताना जड जातं, पण खरं आहे. सावली, ओल, वारा नाही. थंडीत पानं गळली नाहीत, पुढच्या उन्हाळ्यात पोतंसुद्धा लागलं नाही. चूक जागेची होती. ती जागा तिनं बघता यावं म्हणून निवडली होती, आणि बघण्यापायीच तिला फूल दिसलं नाही. मी हे तिला सांगितलं असतं तर ती काय म्हणाली असती, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं ती म्हणाली असती, मागं लावून मी बघणार कधी?

या भाद्रपदात एका रविवारी चर्चमधून आलो आणि पाणी घालायला मागं गेलो. सगळ्यांत उंच झुडपावर पानासमोर एक बारीक हिरवट काडी दिसली. आधी अळी वाटली. तीनचार दिवसांत ती लांबली, पांढरी झाली, उंदराच्या शेपटीसारखी जराशी वाकली. मी तिचं भिंग आणलं. त्या शेपटीवर पाकळ्या नसलेली कणाकणाची फुलं चिकटून बसली होती, हजारांनी असावीत.

फूल आलं होतं. पण एक.

छत्री व्हायला एका देठावर अनेक तुरे हवेत आणि ते पानाच्या बगलेतून यायला हवेत. हा एकटा होता आणि पानाच्या समोरच्या बाजूनं आला होता. मी स्वतःला सांगितलं, बाकीचे मागून येतील. आठवडाभर रोज सकाळी भिंग घेऊन मी त्या पेरापाशी दुसरा तुरा शोधत होतो. दुसरा आला, तिसराही आला, पण वरच्या पेरांवर, प्रत्येक आपापल्या पानासमोर एकेकटा. देवाकडं मी तिच्या आजारातसुद्धा काही मागितलं नव्हतं, मागायची सवय नाही. त्या आठवड्यात एक तुरा मागितला.

शेवटी तिच्या एका विद्यार्थिनीला फोन केला. ती आता तिच्याच विषयाची प्राध्यापिका आहे. स्कूटीवरून आली, हेल्मेट काढायच्या आधी झुडपापाशी गेली, पान चुरगळून हुंगलं.

"बडीशेप, सर! मॅडमनी लिहिलं नाही कुठं?"

मी टिपणवही दिली. तिनं ती ओळ मोठ्यानं वाचली, "ह्यांच्या म्हणण्यानुसार," आणि खळखळून हसली. मग माझ्याकडं पाहिलं आणि हसू आवरलं.

"काय झाड आहे?" मी विचारलं.

"पायपर ऑरिटम. ऑरिटम म्हणजे कानवालं. पानाचं बूड पाहा, देठाच्या दोन बाजूंना दोन पाळ्या, एक मोठी, एक लहान. इथलं नाही हे, मेक्सिकोकडचं. त्या शाळेत कुणीतरी हौसेनं लावलं असेल, तिथून ओढ्याला गेलं." तिनं टिपणवहीतली मापं पुन्हा पाहिली. "मॅडमनी मापलेलं पान कोवळं होतं. कोवळ्यात पाळ्या सारख्याच वाटतात. पण वास कळला असता ना, तर त्या याच नावाकडं आल्या असत्या."

"वास मी घेतला होता."

"माहीत आहे सर," ती हळू म्हणाली. "लिहिलंय ना त्यांनी."

ती वाईट वाटावं म्हणून म्हणाली नव्हती. मी चहा टाकायला आत गेलो आणि साखर किती घालायची ते दोनदा विसरलो. पेपरातून डोकं काढून एक श्वास नीट घेतला असता तर तिला तिच्या हयातीत खरं नाव मिळालं असतं. आणि ते 'असलं तर!' लिहायला मिळालं नसतं. यातलं मला काय हवं आहे, ते अजून ठरवता येत नाही.

फुलाची फांदी आम्ही कापली. वर्तमानपत्रात दाबली, कागद रोज बदलायचं काम माझ्याकडं. तो आठवडा बरा गेला. पुढच्या रविवारी प्राध्यापिका पुन्हा आली. नव्या फांदीसाठी नवा कागद केला, नाव शाईनं लिहिलं. मग पत्नीचा जुना कागद टेबलावर घेतला. मी रबर काढून ठेवलं होतं. पेन्सिलीचंच तर आहे, म्हटलं, आपणच पुसलेलं बरं. उद्या कुणी परक्यानं ती चूक दाखवू नये.

प्राध्यापिकेनं रबर उचलून बाजूला ठेवलं.

"पुसायचं नाही, सर. आमच्यात आधीच्या माणसानं लिहिलेलं कधी काढत नाहीत. चुकलेलं असलं तरी. शेजारी नवी चिठ्ठी लावायची, तिच्यावर आपलं नाव आणि तारीख. पुढच्या माणसाला कळायला हवं, आधी कुणी काय विचार केला होता."

"आणि आपलंही चुकलेलं निघालं तर?"

"मग तिसरी चिठ्ठी. म्हणून जरा अंतर ठेवून चिकटवा."

चिठ्ठी मी लिहिली. अक्षर फार बरं आलं नाही. जुन्या चिठ्ठीपासून दोन बोटं सोडून चिकटवली आणि खळ वाळेपर्यंत हात ठेवून बसलो. प्राध्यापिका म्हणाली, सर, आता सोडलंत तरी चालेल. मी थोडा वेळ तसाच राहिलो. माझी पत्नी असती तर तिनं हे सहजी मान्य केलं नसतं. पानाचं माप पुन्हा घेतलं असतं, दोन पुस्तकं माझ्यासमोर आपटली असती, निदान आठवडाभर माझ्याशी भांडली असती. तो आठवडा मला हवा होता.